पाणीवाल्या बाईंची नगरसेवकी

मृणाल गोरे 1961 साली मुंबई महापालिकेवर निवडून आल्या, तेव्हा त्यांचे गोरेगाव मुंबईत येऊन जेमतेम चार वर्षे झाली होती. 1950मध्ये शहराची हद्द पश्चिमेकडे जोगेश्वरीपर्यंत सरकली आणि 1957मध्ये ती दहिसरला जाऊन टेकली. त्याआधी गोरेगावचा कारभार ग्रामपंचायत पाहत असे आणि मृणालताई त्या पंचायतीत काम करून आलेल्या होत्या. कागदावर गाव एका दिवसात शहर झाले. शहराचा कर आला, शहराची माणसे राहायला आली, आजूबाजूला कारखाने उभे राहिले. नळाचे पाणी मात्र त्या वेगाने आले नाही. पुढे मृणालताई आमदार झाल्या, खासदार झाल्या, विरोधी पक्षनेत्या झाल्या, तरी लोकांच्या तोंडी त्यांचे जे नाव कायमचे बसले ते या पहिल्या कामामुळे: पाणीवाली बाई.

नगरसेवकाने लोकांसाठी काय केले हे मोजण्याची रूढ पद्धत म्हणजे उद्घाटनाच्या फलकांची मोजदाद. मृणालताईंच्या कामाला ती पद्धत लागू पडत नाही. ते काम समजायचे तर नगरसेवकाच्या हाती नेमके काय असते आणि मुंबईत हंडा भरतो तो कसा, या दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतात.

खुर्चीत बसणाऱ्याच्या हाती काय असते

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोर महापालिकेची दगडी इमारत उभी आहे. 1893 साली ती बांधून झाली. दारापुढे फिरोजशहा मेहतांचा पुतळा आहे, आणि तो तिथे असणे योग्यच आहे, कारण ज्या 1888च्या कायद्यावर मुंबईचा कारभार आजही चालतो त्याच्या घडणीत मेहतांचा मोठा वाटा होता. या कायद्याने अधिकार वाटून दिले. महापालिकेचे सभागृह धोरण ठरवते आणि अर्थसंकल्प मंजूर करते. खर्चाच्या आणि कंत्राटांच्या नाड्या स्थायी समितीच्या हाती असतात. प्रत्यक्ष अंमल मात्र आयुक्त करतो आणि आयुक्त राज्य सरकार नेमते. म्हणजे रस्ता खणण्याचा, नळ जोडण्याचा, नाला साफ करण्याचा हुकूम नगरसेवक काढू शकत नाही. तो हुकूम निघावा म्हणून प्रशासनाच्या मागे लागणे एवढेच त्याच्या हाती असते.

मागे लागण्याची साधने मोजकी. सभागृहात प्रश्न विचारता येतो आणि प्रशासनाला त्याचे उत्तर द्यावे लागते. हरकतीचा मुद्दा उपस्थित करून कामकाज थांबवता येते. ठरावाची सूचना देता येते. सभा तहकुबीची मागणी करता येते. अर्थसंकल्पावर बोलताना एखाद्या कामासाठी रक्कम मागता येते. प्रशासनाचा प्रस्ताव फेरविचारासाठी परत पाठवता येतो किंवा ‘दप्तरी दाखल’ करता येतो. हा दुसरा शेरा बसला की कागद सहसा पुन्हा उजेड पाहत नाही. विरोधी बाकावरच्या एकट्यादुकट्या सदस्याला यातले निम्मे उपयोगी पडत नाही, कारण मतदानाला गेले की संख्या लागते. प्रश्न विचारण्याचा हक्क मात्र एकट्याचाही असतो. मृणालताई समाजवादी पक्षाच्या. महापालिकेत त्यांच्या बाजूला बहुमत नव्हते. प्रश्न, पुरावा आणि दाराशी उभी असलेली माणसे या तीन गोष्टी एकत्र वापरण्यात त्यांची खरी ताकद होती.

आणखी एक गोष्ट त्यांच्या आधी घडून गेली होती. 1948 साली महापालिका निवडणुकीत प्रौढ मताधिकार आला. त्यापूर्वी घरपट्टी किंवा भाडे भरणारा, मालमत्ता असलेला माणूस मतदार असे. आता झोपडीतल्या बाईलाही मत मिळाले. 1961च्या गोरेगावात अशी हजारो माणसे होती, ज्यांचे नाव मतदारयादीत होते आणि ज्यांच्या घराला नळ नव्हता.

हंडा भरतो तो कसा

मुंबईला पाणी फार लांबून येते. विहार 1860चा, तुळशी 1879चा, तानसा 1892चा. स्वातंत्र्यानंतर वैतरणेवर धरण बांधले गेले आणि 1957मध्ये ते पाणी शहराला मिळू लागले. त्या जलाशयाला महापालिकेचे अभियंता मोडक यांचे नाव आहे. 1961च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या 41 लाखांवर गेली होती आणि दहा वर्षांनी ती 60 लाखांच्या घरात पोहोचली. अप्पर वैतरणा यायला 1970चे दशक उजाडावे लागले, भातसाचे पाणी त्याहून उशिरा. मधली वर्षे टंचाईची गेली, आणि टंचाई सगळ्यांना सारखी झळ देत नाही. जलवाहिनीच्या तोंडाशी असलेल्याला आधी मिळते, टोकाशी असलेल्याला उरलेसुरले.

याचे कारण पाणी सोडण्याच्या पद्धतीत आहे. मुंबईच्या नळाला चोवीस तास पाणी नसते. टेकड्यांवरच्या जलाशयांत ते साठवतात. पश्चिम उपनगरांसाठी मालाडच्या टेकडीवर असा एक जलाशय आहे. तिथून ठरलेल्या वेळी एकेका विभागाला पाणी सोडले जाते. ते सोडणाऱ्या कामगाराला सगळी मुंबई ‘चावीवाला’ म्हणते. त्याच्याजवळ माणसाच्या छातीपर्यंत येईल अशी, टी अक्षराच्या आकाराची लोखंडी चावी असते. रस्त्यातले झाकण उचलून तो ती खाली घालतो, दोन्ही हातांनी फेरे मोजत झडप उघडतो आणि पुढच्या झाकणाकडे जातो. झडप किती फेरे उघडली यावर खालच्या गल्लीत पाणी किती जोराने येणार हे ठरते. सखल भागात ते धो धो येते. डोंगरउतारावरच्या वस्तीत नळ आधी फुसफुसतो, हवा सोडतो, मग करंगळीएवढी धार धरतो. वरच्या अंगाला कुणी मोटर लावली असेल तर तीही तुटते.

पहाटे चारच्या सुमारास अशा वस्तीतल्या सार्वजनिक नळाशी गेले तर माणसांच्या आधी भांडी दिसतात. पितळी हंडे आता विरळ झाले. प्लास्टिकच्या कळशा, रंगाचे रिकामे डबे, तेलाचे पत्र्याचे डबे एकामागे एक मांडलेले असतात. ज्यांच्याकडे मांडायला भांडे नाही त्यांनी विटेचा तुकडा किंवा फुटकी बादली ठेवलेली असते, आणि त्या विटेचा नंबर माणसाच्या नंबराइतकाच पाळला जातो. पाणी आले की पहिल्या काही मिनिटांचे गढूळ पाणी धुण्यासाठी बाजूला काढायचे, मग पिण्याचे भरायचे. एका घराला दोन हंडे की तीन, यावरून भांडणे होतात. पाणी दीड तासात जाते आणि त्यानंतर ज्यांचा नंबर लागतो त्या बाया डबा उचलून दुसऱ्या नळाकडे निघतात. शाळेला उशीर होतो तो मुलींना. कामावर खाडा होतो तो बायांचा. पाणी हा बायांचा प्रश्न का, याचे उत्तर या रांगेत उभे राहिल्यावर कुणालाही मिळते. मृणालताईंना ते आधीपासून ठाऊक होते, कारण त्या या रांगांतल्या बायांमध्येच काम करत आल्या होत्या.

गोरेगावातली दहा-बारा वर्षे

मृणालताईंचा जन्म 1928चा. माहेरचे नाव मोहिले. वैद्यकीय शिक्षण घेत असताना राष्ट्र सेवा दलाच्या कामात त्या इतक्या गुंतल्या की अभ्यास अर्धवट सोडला. केशव ऊर्फ बंडू गोरे या समाजवादी कार्यकर्त्याशी त्यांचे लग्न झाले आणि दोघांनी गोरेगावला घर केले. तेव्हाचे गोरेगाव म्हणजे भातखाचरे, वाड्या, गोठे, पलीकडे नुकतीच वसवलेली आरे दूधवसाहत, आणि रेल्वेमार्गालगत वाढत चाललेल्या चाळी. गोरे दांपत्याने तिथे बायांसाठी आरोग्याचे काम उभे केले, कुटुंबनियोजनाची गोष्ट लोक कुजबुजत बोलत त्या काळात उघडपणे केली. 1958 साली केशव गोरे वारले. मृणालताई तिशीत होत्या, पदरी लहान मुलगी होती. मित्रांनी आणि गोरेगावकरांनी केशव गोरे यांच्या नावाने स्मारक ट्रस्ट काढला. आरे रोडवरची ती वास्तू आजही सभा-व्याख्यानांनी गजबजलेली असते.

तीन वर्षांनी त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या, तेव्हा गल्लीतल्या बायांना त्यांची वेगळी ओळख करून द्यावी लागली नाही. नगरसेवक आधी होऊन मग लोकांत जाणारे पुष्कळ असतात. इथे क्रम उलटा होता, आणि त्यांच्या पुढच्या सगळ्या लढायांची तऱ्हा त्यातून ठरली.

प्रश्न आत, हंडे बाहेर

नगरसेवकाकडे तक्रार घेऊन माणूस येतो तेव्हा सोपा मार्ग एकच असतो. अधिकाऱ्याला फोन करायचा, टँकर पाठवायला सांगायचा आणि त्या घरांच्या मनात उपकाराची जाणीव ठेवून द्यायची. टँकरने दोन दिवस भागते, जलवाहिनी तशीच राहते आणि तिसऱ्या दिवशी माणूस पुन्हा दाराशी येतो. या चक्रावर मुंबईत कितीतरी राजकारणे उभी राहिली. मृणालताईंनी तक्रार घेऊन येणाऱ्या बाईलाच बरोबर घेऊन जाण्याचा रस्ता धरला. कुठल्या गल्लीत किती घरे, किती नळ, पाणी किती वाजता येते आणि किती वाजता जाते, ही माहिती त्या गल्लीतल्या बायांकडेच असते. ती कागदावर आली की सभागृहातला प्रश्न टणक होतो. ‘गोरेगावला पाणी कमी येते’ या वाक्यावर ‘सर्वत्रच टंचाई आहे’ असे उत्तर देता येते. अमुक गल्लीत इतक्या घरांना एकच नळ आणि त्याला इतका वेळ पाणी, यावर तसे उत्तर देता येत नाही.

दुसरे अंग मोर्चाचे. रिकामे हंडे, कळशा घेऊन बाया विभाग कार्यालयावर जात, अधिकाऱ्याला घेराव घालत, लेखी आश्वासन मिळाल्याशिवाय हलत नसत. रिकामा हंडा हे पुराव्याचे साधन आहे, भाषणाची गरज न ठेवणारे. शिवाय तो वाजतो. अधिकाऱ्याच्या टेबलासमोर पन्नास रिकामे हंडे वाजू लागले की पाणीटंचाईचे आकडे त्याला ऐकवावे लागत नाहीत. त्या काळात मोर्चे गिरण्यांतून निघत, त्यात पुरुष असत आणि मागणी पगाराची असे. स्वयंपाकघरातली वस्तू हातात धरून रस्त्यावर आलेल्या बायांना लाठीने पांगवणे कोणत्याही सरकारला जड जाते.

त्याच वर्षी, 1961 साली, मार्क्सवादी विचारांच्या अहिल्या रांगणेकरही महापालिकेवर निवडून आल्या आणि जवळजवळ दोन दशके तिथे राहिल्या. पुढे समाजवादी प्रमिला दंडवतेही नगरसेविका झाल्या. या बायांचे पक्ष वेगळे, वाद जुने, पण नळ-संडास-रेशनचे प्रश्न एकच होते. हे नाते पुढे मोठे काम करून गेले.

पाण्याइतकाच संडासाचा प्रश्न मृणालताईंनी लावून धरला. त्याबद्दल त्या काळी जाहीर बोलायला पुरुष नगरसेवकही अवघडत. सार्वजनिक संडास नसलेल्या वस्तीत बायांना पहाटेच्या किंवा रात्रीच्या अंधाराची वाट पाहावी लागे. सभागृहात हे बाईच्या तोंडून, सरळ शब्दांत, कामकाजाचा विषय म्हणून मांडले जाणे ही त्या वेळी मोठी गोष्ट होती.

‘अनधिकृत’ या शब्दाशी झुंज

पाण्याच्या लढाईत खरा अडसर धरणांचा किंवा पाइपांचा नव्हताच. अडसर एका शब्दाचा होता. झोपडी अनधिकृत, म्हणून तिला महापालिकेच्या सोयी नाहीत, अशी प्रशासनाची भूमिका होती. नळ दिला तर अतिक्रमणाला मान्यता दिल्यासारखे होईल, हे त्यामागचे कारण. झोपड्या पाडाव्यात, माणसे निघून जातील, असा हिशेब होता. माणसे निघून गेली नाहीत. ज्या कारखान्यांत, घरांत आणि बांधकामांवर ती राबत होती ते सगळे तिथेच होते, मग ती जाणार कुठे?

मृणालताईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी घराचा प्रश्न आणि पाण्याचा प्रश्न वेगळे केले. जमिनीचा वाद कोर्टात चालू दे, कायद्याने ठरायचे ते ठरू दे. पण त्या जमिनीवर आज राहणाऱ्या पोराला आज पाणी लागते. ही मांडणी आता साधी वाटते. साठच्या दशकात ती शहराच्या अधिकृत धोरणाच्या विरुद्ध होती. हळूहळू धोरण वळले. 1971 साली महाराष्ट्राचा झोपडपट्टी सुधारणेचा कायदा आला, त्यानंतर केंद्राच्या योजनेतून वस्त्यांमध्ये नळ, गटारे, संडास बांधायला पैसे मिळू लागले. 1976मध्ये झोपड्यांची गणना झाली आणि फोटोपास वाटले गेले. हे बदल एका व्यक्तीने घडवले असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण त्यांना जमीन तयार करून देणाऱ्यांत गोरेगावच्या हंडामोर्चांची जागा पहिल्या रांगेत आहे.

तडजोडीत मात्र एक काटा राहून गेला: तारीख. अमुक तारखेआधीची झोपडी पात्र, नंतरची अपात्र. ही तारीख निवडणुकांबरोबर पुढे सरकत राहिली, 1 जानेवारी 1995, मग 1 जानेवारी 2000. त्यानंतर आलेल्यांची तहान पुन्हा अनधिकृत ठरली.

नळाच्या पलीकडे

1972 साली मृणालताई विधानसभेवर गेल्या. त्याच वर्षी दुष्काळ आणि महागाईने कहर केला होता. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत त्या, अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट तारा रेड्डी, प्रमिला दंडवते एकत्र आल्या. हंड्याची जागा लाटण्याने आणि थाळीने घेतली. हजारो बाया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, संध्याकाळी ठरल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजल्या. तेल, साखर, रॉकेल हे मोर्चाचे विषय होऊ शकतात हे महाराष्ट्राने त्या वर्षी पाहिले. पद्धत गोरेगावातलीच होती, पट मोठा होता. आणीबाणीत मृणालताई भूमिगत राहिल्या आणि 1975च्या डिसेंबरात पकडल्या गेल्या. सुटल्यावर 1977मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात, अशी घोषणा तेव्हा मुंबईभर गाजली. गर्भलिंग तपासणीवर बंदी आणणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988मध्ये केला. त्यामागेही विधानसभेत त्यांनी आणलेले अशासकीय विधेयक आणि स्त्रीसंघटनांची चळवळ होती.

नगरसेवक म्हणून सुरू झालेल्या कामाचा सगळ्यात मोठा विस्तार मात्र दिंडोशीत दिसतो. 1976च्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्यात जादा जमीन दुर्बल घटकांच्या घरांसाठी घ्यायची तरतूद होती. प्रत्यक्षात त्या कायद्यातल्या सवलतींच्या कलमांतून जमिनी बांधकाम व्यावसायिकांकडे जात राहिल्या. मृणालताई, बाबूराव सामंत आणि प. बा. सामंत यांनी नागरी निवारा परिषद काढली, कोर्टात आणि रस्त्यावर दीर्घ लढा दिला आणि गोरेगाव पूर्वेला दिंडोशीच्या जमिनीवर सामान्य उत्पन्नाच्या लोकांसाठी सुमारे सहा हजार घरांची वसाहत उभी केली. टेकडीच्या अंगाने चढत गेलेल्या चार-पाच मजली इमारती, मध्ये झाडे, सहकारी सोसायट्यांच्या पाट्या, संध्याकाळी कट्ट्यावर बसलेली निवृत्त मंडळी: मुंबईत नोकरदाराने आणि कामगाराने हक्काने घर घेतल्याचे इतके मोठे दुसरे उदाहरण चटकन आठवत नाही. आता तिथे चहूबाजूंनी काचेचे मनोरे उठले आहेत. कायदा वापरायचा ठरवला तर तो लोकांच्या बाजूने किती काम देऊ शकतो, हे त्या मनोऱ्यांच्या मधोमध उभे आहे.

आजचा अर्ज, आजची रांग

मृणालताई 17 जुलै 2012 रोजी गेल्या. गोरेगावात पूर्व आणि पश्चिम जोडणाऱ्या उड्डाणपुलाला त्यांचे नाव आहे.

त्यांनी हाती घेतलेला वाद त्यांच्या मागे कोर्टात पोहोचला. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर 15 डिसेंबर 2014 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी 2000नंतरची आहे एवढ्या कारणाने ते पूर्ण नाकारता येणार नाही. कायदेशीर रहिवाशांइतकाच पुरवठा मागण्याचा हक्क मात्र न्यायालयाने या वस्त्यांना दिला नाही, आणि दर जास्त लावण्याची मुभा महापालिकेला ठेवली. महापालिकेने त्यानंतर धोरण आखले आणि 2022 साली ‘सर्वांसाठी पाणी’ असे नाव देऊन ते व्यापक केले.

धोरणाचा नळ होईपर्यंतचा रस्ता आजही लांबच आहे. वस्तीत जोडणी एकेका घराला मिळत नाही, घरांच्या गटाला मिळते. गटाने एक सेक्रेटरी नेमायचा, त्याच्या नावाने मीटर आणि बिल. प्रत्येक घराचे ओळखीचे आणि राहण्याचे पुरावे जोडायचे, परवानाधारक प्लंबर गाठायचा, अर्ज विभाग कार्यालयात द्यायचा आणि पोचपावती जपून ठेवायची. मग अभियंता जागा पाहून जातो. जमीन रेल्वेची, वनखात्याची किंवा केंद्र सरकारची असेल तर ना-हरकत पत्राचा प्रश्न येतो आणि अर्ज तिथे अडतो. अडलेला अर्ज हलवायला पुन्हा कुणीतरी आतला माणूस लागतो. पूर्वी तो नगरसेवक असे. 7 मार्च 2022 रोजी 227 नगरसेवकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि मुंबईचा कारभार प्रशासकाकडे गेला. त्या काळात प्रश्न विचारायला सभागृहच नव्हते. वस्तीतल्या बाया तक्रारीचा कागद घेऊन थेट कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलाशी उभ्या राहत, आणि टेबलामागचा माणूस कुणालाच उत्तर द्यायला बांधील नव्हता.

शहराला आज रोज सुमारे 385 कोटी लिटर पाणी पुरवले जाते. महापालिकेच्या मापाने इमारतीत राहणाऱ्या माणसाला दिवसाला 135 लिटर आणि झोपडपट्टीत राहणाऱ्याला 45 लिटर धरले जातात. पंधरा लिटरच्या हंड्याने मोजायचे तर एकाला नऊ हंडे आणि दुसऱ्याला तीन. ही दोन मापे आजही एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना लागू आहेत, आणि जिथे माप तीन हंड्यांचे आहे तिथे पहाटे चारला विटेचा तुकडा रांगेत ठेवावा लागतो.